चारशे त्र्याहत्तर खुणा

टापटीपबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटतही नाही. हे नाव पडलं विमा कंपनीच्या रेकॉर्ड रूममध्ये. तिथे बाईंनी सव्वीस वर्षं काढली, आणि त्या सव्वीस वर्षांत संध्याकाळी उठताना त्यांच्या टेबलावर एक टाचणीसुद्धा कधी राहिली नाही. फाइल कपाटात, पेन खणात, कचरा टोपलीत, खुर्ची टेबलाच्या पोटात. साहेबलोक थट्टा करायचे की बाई ज्या दिवशी जातील त्याच्या दुसऱ्या दिवशी इथे कोणी बसत होतं हे शपथेवर सांगावं लागेल. झालंही तसंच. कंपनीने सगळे कागद कॉम्प्युटरवर चढवले, रेकॉर्ड रूमला कुलूप लागलं, आणि बाई एक्कावन्नाव्या वर्षी घरी आल्या.

आता घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यातली पुढची खोली यजमानांची, कारण ते शिलाई मशीन दुरुस्त करतात आणि त्या खोलीत पाय ठेवायचा तर आधी चार मशीनना विचारावं लागतं. बाईंनी पहिल्या तीन महिन्यांत ती खोली इतकी आवरली, इतकी आवरली, की यजमानांना स्वतःचा पेचकस सापडेना. स्क्रू आकाराप्रमाणे डब्यांत, डब्यांना चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर नंबर. मुळात शांत माणूस, पण एक दिवस त्यांनी हात जोडले. म्हणाले, तुला आवरायला मी दुसरं काहीतरी शोधून देतो. आणि स्वतः जाऊन वेबसाइट बनवायला शिकवणाऱ्या क्लासात बायकोचं नाव घालून आले.

त्या क्लासात सगळी विशीतली पोरं, आणि मधल्या बाकावर वही-पेन घेऊन बाई. पहिल्या आठवड्यात त्यांना काडीचं कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात राग आला. तिसऱ्या आठवड्यात त्या हट्टाला पेटल्या, आणि बाई हट्टाला पेटल्या की समोरच्याची धडगत नसते, मग तो माणूस असो की मशीन. सात वर्षं झाली त्याला. आज त्यांच्याकडे नऊ वेबसाइटींची देखभाल आहे. दोन शाळा आहेत, एक दाताचा डॉक्टर आहे, कुत्री सांभाळणारी एक बाई आहे. जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर दोन स्क्रीन मांडलेत. उरलेल्या अर्ध्यावर जेवण होतं आणि तिकडचा कण इकडे आलेला बाईंना खपत नाही.

पण नऊपैकी जीव अडकलाय तो बोलक्या वाचनालयात. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी लोक पुस्तकं मोठ्याने वाचतात, ते वाचन रेकॉर्ड होतं, आणि घरबसल्या वेबसाइटवर ऐकता येतं. वाचनालयाच्या दोन खोल्या आहेत दुसऱ्या मजल्यावर, आणि खाली आहे चष्म्याचं दुकान. यावर जितके विनोद व्हायचे तितके सगळे वाचनालयात येणाऱ्यांनीच करून संपवलेत, आपल्याला नवीन करायला जागा ठेवलेली नाही.

आता थोडं कामाचं सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही, आणि पुढचा घोळही. वेबसाइटचं एक मूळ सॉफ्टवेअर असतं. त्याला जास्तीची कामं करायला लावायची तर छोटे छोटे प्रोग्राम जोडायचे, त्यांना म्हणतात प्लगिन. एक प्लगिन आवाज वाजवतो, एक फॉर्म भरून घेतो, एक साइट झटपट उघडेल हे बघतो. प्रत्येकाचा बनवणारा वेगळा, एकाने दुसऱ्याचं तोंड पाहिलेलं नाही, आणि तरी सगळ्यांनी एका छपराखाली गुण्यागोविंदाने नांदायचं. मूळ सॉफ्टवेअर अपडेट केलं की यांच्यातल्या कोणाचं तरी कोणाशी तरी हटकून बिनसतं. मग बाई पदर खोचतात.

वाचनालयाच्या साइटवर असे सोळा प्लगिन होते. त्यातले पंधरा जगाने केलेले आणि सोळावा बाईंनी स्वतः केलेला. त्याचं नाव खुणा. ऐकता ऐकता एक बटण दाबायचं, दोन वाक्यं बोलायची, की त्या जागी तुमच्या आवाजातली खूण राहते. पुन्हा तो धडा उघडला की तुमच्या खुणा तुम्हाला ऐकू येतात. डोळस माणूस पुस्तकात पेन्सिलने रेघ मारतो आणि कडेला काहीबाही लिहितो ना, तेच. बाईंनी पाच वर्षांपूर्वी तो केला तेव्हा त्या नवशिक्या होत्या, त्यामुळे तो चालला त्या दिवशी त्यांनी यजमानांना मशीनवरून उठवून आणून तीन वेळा दाखवला होता.

आणि त्या प्लगिनमध्ये बाईंनी एक ओळ घातली होती. हा प्लगिन बंद केला तर जाताना त्याने आपलं सगळं सामान आवरून जावं. उठताना टेबल कोरं हवं, दुसरं काय. फक्त या टेबलावरचं सामान म्हणजे लोकांच्या खुणा, आणि बंद करणं म्हणजे कायमचं जाणं नव्हे, एवढंच त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. गबाळ्या माणसाच्या हातून ही चूक झाली नसती. त्याने पसारा तसाच सोडला असता आणि सगळं वाचलं असतं. ही चूक करायला जातिवंत टापटीप माणूसच लागतो. दोन वर्षांपूर्वी बाईंच्या ते लक्षात आलं, त्यांनी वहीत लिहिलं, "ही ओळ काढणे", आणि काय सांगावं, ते राहून गेलं. तोवर त्यांनी स्वतःला नियम घालून घेतला: काही झालं तरी खुणा हा प्लगिन बंद करायचा नाही.

त्या सोमवारी सकाळी बाईंनी नेहमीप्रमाणे आधी बॅकअप घेतला, म्हणजे साइटची पूर्ण नक्कल बाजूला काढून ठेवली, आणि मग अपडेट केलं. पानं उघडली, पुस्तकं वाजली. बाईंनी वहीत बरोबरची खूण केली आणि चहा टाकला.

गुरुवारी साडेनऊला वकीलबाईचा फोन आला. वकीलबाई अजून वकील नाही. बावीस वर्षांची पोरगी, जन्मापासून दृष्टी नाही, कायद्याचं शेवटचं वर्ष. पण हे नाव तिला आठव्या वर्षीच चिकटलं, कारण वाचणाऱ्याने एक ओळ गाळली तरी ती त्याला उलटतपासणीला उभं करायची. तिने शांतपणे सांगितलं की तिच्या खुणा दिसत नाहीत, म्हणजे ऐकू येत नाहीत. आज उजळणी सुरू करायची म्हणून पहिला धडा उघडला, धडा वाजला, पण खुणा मुक्या. परीक्षा सोमवारी होती. बाईंनी विचारलं, धडे फाइलमध्ये घालून पाठवू का? ती म्हणाली, धडे आहेत काकू, धडे काय करायचेत मला. वर्षभर ऐकून ऐकून मी काय काय म्हणून ठेवलंय ते सगळं त्या खुणांमध्ये आहे. सत्तर तासांचं पुस्तक चार दिवसांत मी परत कुठून ऐकू?

बाईंनी तिला फोनवर थांबवून ठेवलं आणि साइटच्या पोटात डोकावून पाहिलं. खुणा होत्या. तिच्या नावावर चारशे त्र्याहत्तर. त्यातल्या एकसष्ट तर सोमवारनंतरच्या. शेवटचे चार धडे नुकतेच रेकॉर्ड झाले होते आणि ती त्यांवर खुणा करत बसली होती. म्हणजे नवीन खूण ठेवता येत होती, जुनी ऐकू येत नव्हती. बाईंचा जीव भांड्यात पडला. "एकही हरवलेली नाही," त्यांनी सांगितलं, "सगळ्या आहेत. दुपारपर्यंत तुझ्या हातात देते."

असं कधी बोलू नये. पण बोलल्या खऱ्या.

भांडण कोणाचं आहे हे शोधायची रीत साधी असते. निम्मे प्लगिन बंद करायचे आणि बघायचं. दोष गेला तर गुन्हेगार त्या निम्म्यात, नाही गेला तर उरलेल्या निम्म्यात. मग त्या निम्म्याचे निम्मे. हे करायचं साइटच्या नकलेवर, आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर, खऱ्या साइटला हात न लावता. बाई हे दुसऱ्यांना शिकवतात. पण नक्कल उतरवायला तासभर लागतो, पोरगी तिकडे ताटकळत बसलेली, आणि बाईंना वाटलं, एवढं काय त्यात, खऱ्या साइटवरच पटकन बघू. इतकंच काय, निम्मे-निम्मे करायलाही त्यांना धीर निघेना. आपला सोडून बाकीचे पंधरा एकदम बंद करू, खुणा बोलल्या की सुटलो.

पंधरांवर एक एक टिक करण्यापेक्षा वरच्या चौकोनात टिक केली की सोळाच्या सोळांवर पडते. बाईंनी ती केली. आता खाली जाऊन आपल्या प्लगिनवरची टिक तेवढी काढायची, एवढ्यात वाचनालयाच्या सेक्रेटरींचा फोन आला. सेक्रेटरी भला माणूस, पण त्यांना एक गोष्ट तीन वेळा विचारल्याशिवाय ती झाल्यासारखी वाटत नाही. झालं का, कधी होईल, नक्की होईल ना. बाईंनी तीनही उत्तरं दिली, फोन ठेवला आणि बटण दाबलं.

बटण दाबलं आणि त्यांना कळलं. माणसाला उंबऱ्याबाहेर पाऊल पडल्यावर कळतं ना, किल्ली आत राहिली, तसं. त्यांनी धावत, म्हणजे बसल्या जागीच पण धावत, प्लगिन परत चालू केला आणि खुणांचा आकडा बघितला. शून्य. टेबल कोरं.

सव्वीस वर्षांत एक कागद हरवला नाही या बाईने, आणि इथे पोरीचं वर्ष एका बोटाने पुसलं. यजमान चष्मा कपाळावर चढवून दारात येऊन उभे राहिले. त्यांना कॉम्प्युटरचं ओ का ठो कळत नाही, पण बायकोचा चेहरा कळतो. त्यांनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला, तोही जेवणाच्या अर्ध्या बाजूला.

मग बाई भानावर आल्या. सोमवारचा बॅकअप होता ना. त्यातल्या खुणा त्यांनी काढून आणल्या, जागच्या जागी बसवल्या आणि मोजल्या. चारशे बारा. पुन्हा मोजल्या, चारशे बाराच. सोमवारनंतरच्या एकसष्ट कुठेच नव्हत्या, असणार तरी कुठून. बाकीचे ऐकणारे कधीमधी खुणा करत, त्यांच्या सगळ्या परत आल्या होत्या. गेलं ते एकट्या वकीलबाईचं.

सेक्रेटरींना सांगणं भागच होतं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि समजूत घातली. म्हणाले, बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका. अपडेटमध्ये गेल्या म्हणून सांगा, असं होतं सगळ्यांचंच. तिला काय कळणार आहे? आणि खरं सांगायचं तर बाईंना ते पटलं. चांगलं अर्धं मिनिट पटलं. अपडेटला काय, त्याच्यावर दिवसभर काहीही ढकललं तरी ते तक्रार करत नाही. फोन हातात घेताना तेच वाक्य त्यांच्या ओठांवर होतं.

वकीलबाईने फोन उचलला. बाईंनी सांगितलं, चारशे बारा आहेत, एकसष्ट गेल्या, शेवटच्या चार धड्यांतल्या.

पोरीने एकच प्रश्न विचारला. "कशाने गेल्या?"

"माझ्याने," बाई म्हणाल्या. "अपडेटने नाही. जे बंद करायचं नव्हतं ते मी बंद केलं. आणि ते बंद केलं की खुणा पुसल्या जातात, ही चूकही मीच करून ठेवलेली. मला ठाऊक होती. दोन वर्षं ठाऊक होती."

यावर पलीकडून काय काय ऐकावं लागेल याची बाईंनी मनाची तयारी केली होती. पण पोरगी भलतंच बोलली. "काकू, लहानपणापासून माझ्या वस्तू मोडतात, हरवतात. मला दरवेळी सांगतात, अगं तो कप फुटला, ती वही गेली. कोणी फोडला हे कोणी सांगत नाही. मला दिसलेलं नसतं ना. मी केलं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण वकीलबाईला रडारडीत रस नव्हता, तिला परीक्षा होती. तिने फर्मान काढलं: आधी दोष शोधा, चारशे बारा तरी मला ऐकू येऊ देत. आणि उद्या सकाळी नऊला माझ्याकडे या, एकसष्टचं आपण दोघी बघू.

या खेपेला बाईंनी नक्कल उतरवली. लागला तासभर, लागू दे. खोडीची ओळ आधी काढून टाकली, मग निम्मे, मग निम्म्याचे निम्मे, आणि अडीच वाजता गुन्हेगार सापडला. म्हणजे गुन्हेगार असा कोणी नव्हताच. साइट झटपट उघडणारा प्लगिन अपडेटनंतर जरा जास्तच हुशार झाला होता. पान लवकर दिसावं म्हणून तो आवाज वाजवणाऱ्याला मागे थांबवून ठेवू लागला. बाईंचा प्लगिन जुन्या खुणा ऐकवायला आपला पूर्वीसारखा वेळेवर हजर. येऊन बघतो तर आवाज वाजवणारा जागेवर नाही, मग हा बापडा कोणाला काही न सांगता मुकाट्याने परत जायचा. नवी खूण ठेवायचं बटण दाबेपर्यंत मात्र आवाज वाजवणारा आलेला असायचा, म्हणून ती तेवढी ठेवता येत होती. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि भोगायचं तिसऱ्याने. कुठल्याही घरात हेच चालतं. बाईंनी आपल्या प्लगिनला थांबायला शिकवलं. सहा ओळींचं काम. पाच वाजता वकीलबाईने पहिला धडा उघडला आणि तिचाच वर्षापूर्वीचा आवाज तिला म्हणाला, हे महत्त्वाचं आहे, झोपू नकोस.

शुक्रवारी नऊला पाच कमी असताना बाई तिच्या दारात होत्या. पोरीची खोली तिसऱ्या मजल्यावर, एक खाट, एक टेबल, भिंतीला टेकवलेली पांढरी काठी. बाईंनी दिव्याचं बटण दाबलं तर दिवा लागेना. वकीलबाई म्हणाली, गेला असेल, मला कोण सांगणार. मग बाई खिडकीपाशी खुर्ची ओढून बसल्या. त्यांच्याकडे छापील पुस्तक आणि रेकॉर्डिंग, तिच्याकडे नुसती आठवण.

आणि काय आठवण म्हणावी ती. पोरीला पानं ठाऊक नव्हती, तिला आवाज ठाऊक होते. वाचलं होतं एका निवृत्त शाळामास्तरीणबाईंनी, आणि त्यांना मधून मधून खोकला येत असे. वकीलबाई सांगायची, त्यांना दुसऱ्यांदा खोकला आला त्याच्या जरा पुढे. इथे बाहेर कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला होता. इथे त्यांनी एक पान उलटताना दोन उलटली आणि हळूच 'अगं बाई' म्हणाल्या, त्याच्या आधी. बाई हेडफोन लावून ती जागा शोधायच्या, सापडली की तिला ऐकवायच्या, आणि ती बटण दाबून आपली दोन वाक्यं पुन्हा बोलायची. पहिल्यांदा बाईंना कळलं की आपण केलेल्या प्लगिनमध्ये काय भरलेलं असतं. पाच वर्षं त्यांनी फक्त आकडे पाहिले होते. त्या खुणांमध्ये प्रश्न होते, स्वतःला घातलेल्या शिव्या होत्या, एका ठिकाणी नुसतंच "हे चूक आहे, मी सिद्ध करीन" असं होतं.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. दोघींचे खटकेही उडाले, कारण बाईंना एका धड्याच्या खुणा पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नव्हता आणि वकीलबाईला जे आठवेल ते आधी हवं होतं. शेवटी तिचंच चाललं. शनिवारी संध्याकाळी सत्तावन्न झाल्या. चार काही केल्या सापडेनात. तीन किरकोळ होत्या, असं ती म्हणाली. चौथी होती निष्काळजीपणाच्या धड्यातली, आणि ती तिला हवी होती. तासभर त्या एका खुणेमागे दोघी लागल्या. अर्धा धडा पुन्हा ऐकला. माणूस निष्काळजी कधी म्हणायचा, नुसती चूक कधी म्हणायची, यावर बाईंनी विनाकारण वाद घातला आणि वकीलबाईने त्यांना चारी मुंड्या चीत केलं. खूण काही सापडली नाही. पोरगी म्हणाली, राहू दे काकू, एकसष्टांत चार गेल्या तर काय झालं. पण ती थकली होती, आणि बाई घरी गेल्या त्या मान खाली घालून.

रविवारी त्यांना कशात चैन पडलं नाही. सोमवारी तर त्यांनी यजमानांचे स्क्रू आवरायला घेतले, आणि त्या बिचाऱ्या माणसाने डबे स्वतःच पुढे सरकवले.

दुपारी दीड वाजता फोन आला. परीक्षेच्या इमारतीबाहेरची वर्दळ मागे ऐकू येत होती. वकीलबाई म्हणाली की जुन्या खुणांनी पेपर तारला, पण सगळ्यात मोठा प्रश्न आला तो निष्काळजीपणावर. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"अहो, ऐका तरी," ती म्हणाली. "सगळ्यात चांगलं तेच लिहिलंय. तासभर भांडलो ना आपण त्याच्यावर, खुणेची गरजच पडली नाही. लेखनिकाचा हात दुखायला लागला. शेवटी उदाहरण मागितलं होतं, ते मी तुमचं दिलं."

"माझं?"

"नाव नाही घातलं. धोका ठाऊक असून एका बाईने दोन वर्षं दुर्लक्ष केलं आणि दुसरीचं नुकसान झालं. निष्काळजीपणा सिद्ध. पण त्याच दिवशी तिने स्वतःहून कबूल केलं आणि भरपाई केली, तेही लिहिलं."

बाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही थोडं थोडं झालं. सावरून त्यांनी विचारलं, मग शिक्षा काय दिलीस त्या बाईला?

"दोन दिवस माझ्याबरोबर बसायची," वकीलबाई म्हणाली. "भोगून झालेली आहे. पण पुढच्या पेपरलाही याल ना?"